सॅक मोजण्याआधी पहिली दोन पावलं बघा: डिफेन्सिव्ह लाइनचा खेळाडू कसा पारखतात

एप्रिलच्या अखेरीस एनएफएलचा, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगचा ड्राफ्ट होतो. 32 संघ सात फेऱ्यांत मिळून अडीचशेहून जास्त कॉलेज खेळाडू निवडतात. आदल्या हंगामात जो संघ सगळ्यात तळाला राहिला, त्याला पहिली निवड मिळते. न्यू जर्सी असो की कॅलिफोर्निया, अमेरिकेतल्या मराठी घरांतही आता सुपर बोल, म्हणजे या लीगचा अंतिम सामना, आवडीने बघितला जातो. क्वार्टरबॅक कोण, त्याने पास किती लांब टाकला हे सगळ्यांना दिसतं, कारण नजर चेंडूच्या मागे धावते. त्या चेंडूच्या अगदी समोर एक हात जमिनीला टेकवून वाकलेले तीन-चार धिप्पाड गडी असतात, त्यांच्याकडे फारसं कुणी बघत नाही. ड्राफ्टच्या पहिल्या फेरीत मात्र याच गड्यांसाठी संघांची चढाओढ लागते. आणि तिथे भल्याभल्यांचे अंदाजही चुकतात. ही पारख नेमकी कशी करतात ते सांगतो.

आधी मांडणी समजून घेऊ. चेंडू असलेल्या संघाचे पाच जण क्वार्टरबॅकच्या पुढे भिंत धरून उभे असतात. मधे सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड आणि कडेला टॅकल. यातला प्रत्येक जण साधारण 140 किलोचा. समोरच्या संघाचे तीन किंवा चार जण ही भिंत फोडायला असतात, तीच डिफेन्सिव्ह लाइन. प्रतिस्पर्धी चेंडू घेऊन पळत आला तर त्याची वाट बंद करायची आणि पास टाकायला गेला तर पास सुटायच्या आत क्वार्टरबॅक गाठायचा, ही यांची दोन कामं. पास सुटण्याआधीच क्वार्टरबॅकला, डाव सुरू होताना चेंडू जिथे ठेवलेला असतो त्या रेषेमागे पाडलं तर त्याला सॅक म्हणतात. यासाठी हाताशी वेळ असतो अडीच-तीन सेकंदांचा.

आता पहिली गोम. ‘डिफेन्सिव्ह लाइन’ हे नाव एक असलं तरी त्यात तीन-चार वेगवेगळी कामं दडलेली आहेत. प्रशिक्षक या जागांना आकडे देतात. सेंटरच्या बरोबर समोर उभा तो शून्य, गार्डच्या बाहेरच्या खांद्यावर उभा तो तीन, टॅकलच्या बाहेरच्या खांद्यावर उभा तो पाच, आणि त्याहून बाहेर गेलं की सात, नऊ. शून्यावरच्या माणसाला नोज टॅकल म्हणतात. त्याच्यावर बहुतेक वेळा दोघं जण चालून येतात आणि त्याने जागा सोडायची नसते. तो हलला नाही की लाइनबॅकर, म्हणजे या लाइनच्या मागे उभे असलेले बचावपटू, मोकळे राहतात आणि चेंडूवाल्याला पाडायचं काम तेच करतात. तीनवरच्या माणसाला मात्र एका गार्डला चुकवून आत घुसायचं असतं, तिथे चपळाई लागते. सगळ्यात कडेचा एज रशर टॅकलला वळसा घालून क्वार्टरबॅकवर जातो. त्याला वेग आणि लवचीकपणा दोन्ही हवेत.

त्यामुळे स्काउट, म्हणजे संघासाठी खेळाडू पारखणारा माणूस, खेळाडूचं नाव घेण्याआधी विचारतो, हा आपल्याकडे उभा कुठे राहणार? व्हिन्स विल्फोर्कचं उदाहरण घ्या. न्यू इंग्लंड पेट्रियट्सने 2004 मध्ये त्याला 21व्या क्रमांकावर घेतलं. 13 हंगाम खेळून त्याच्या नावावर सॅक फक्त 16. आकड्यांचा तक्ता बघणाऱ्याला वाटेल, या माणसाने केलं काय? पण तो संघात असताना पेट्रियट्सने दोन सुपर बोल जिंकले आणि त्यांच्या बचावाचा कणा तोच होता. त्याच्याकडून सॅकची अपेक्षाच नव्हती. दोन माणसं अंगावर घेऊन पाय रोवून उभं राहणं हे त्याचं काम होतं, आणि ते त्याच्याइतकं चोख फार थोड्यांनी केलंय.

मग बघायचं काय? चित्रफीत. आणि तीही टीव्हीवर दिसते ती नव्हे. टीव्हीचा कॅमेरा बाजूने आणि चेंडूच्या मागे असतो, त्यात लाइनवरची झटापट म्हणजे नुसता गोंधळ दिसतो. स्काउट गोलपट्टीच्या मागून, उंचावरून घेतलेलं चित्रण बघतात. त्यात पाच विरुद्ध चार अशी अख्खी भिंत समोरून दिसते, कोणाचा हात कुठे लागला आणि कोण कोणावर चालून गेलं हे स्वच्छ कळतं. तोच डाव पुढे-मागे करत दहा-दहा वेळा बघायचा. कंटाळवाणं वाटेल, पण माझ्या मते या सगळ्या धंद्यातलं हेच सगळ्यात मोलाचं काम आहे.

पहिली गोष्ट, सुरुवात. चेंडू हलला त्या क्षणी चित्र थांबवायचं आणि बघायचं, लाइनवरचा कोणता माणूस आधी हलला. चांगला खेळाडू चेंडूकडे बघून सुटतो, समोरच्या माणसाच्या हालचालीची वाट बघत नाही. त्याचं दुसरं पाऊल जमिनीला टेकेपर्यंत गार्ड अजून पहिल्या पावलावरच असेल, तर अर्धी लढाई तिथेच संपली. असं एखाद्या डावात कुणालाही जमतं. बघायचं असतं ते चौथ्या क्वार्टरमध्ये, पन्नास-साठ डाव खेळून झाल्यावर, तो अजून तसाच सुटतो का.

दुसरी गोष्ट, उंची. म्हणजे अंगाची उंची नव्हे, तर धडकताना खांदे किती खाली आहेत ते. ज्यांनी गावच्या जत्रेत कुस्त्या बघितल्यात त्यांना हे वेगळं सांगायला नको: जो खाली राहून समोरच्याच्या बगलेत शिरतो त्याचं वजन कमी असलं तरी तो भारी पडतो, आणि जो ताठ उभा राहतो तो कितीही तगडा असला तरी उचलला जातो. इथेही अगदी तसंच. सहा फूट सहा इंचांचा खेळाडू दिसायला जबरदस्त असतो, पण डाव सुरू झाल्यावर तो उभाच राहत असेल तर कमी उंचीचा गार्ड त्याला छातीखाली धरून मागे ढकलत नेतो. कॉलेजात त्याची ताकद हे झाकून नेते. एनएफएलमध्ये समोर तितकेच ताकदवान लोक असतात, मग ते झाकलं जात नाही.

तिसरी गोष्ट, हात. मला स्वतःला सगळ्यात जास्त मजा हे बघण्यात येते. ब्लॉक करणारा, म्हणजे अडवणारा माणूस छातीवर हात टाकून पकड घ्यायला बघतो. ती पकड बसली की खेळ खलास. म्हणून आत घुसणाऱ्याला त्याचे हात आधी झटकावे लागतात: मनगटावर फटका, कोपर खालून वर, एक हात त्याच्या खांद्यावरून पलीकडे किंवा बगलेखालून वर. लांब हातांचा एज रशर एकच हात ताठ करून टॅकलच्या छातीवर रोवतो आणि त्याला लांबच ठेवतो. स्काउट दोन प्रश्न विचारतात. या खेळाडूकडे हातांचे एकापेक्षा जास्त डाव आहेत का? आणि पहिला फसला की तो दुसऱ्यावर जातो का, की तिथेच अडकून ढकलाढकली करत बसतो? कॉलेजातली बरीच मुलं एकाच डावावर नाव कमावून येतात.

हे तिन्ही एकत्र कसं दिसतं ते बघायचं असेल तर 13 फेब्रुवारी 2022 चा सुपर बोल काढा. इंगलवूडचं सोफाय स्टेडियम, लॉस एंजेलिस रॅम्स 23, सिनसिनाटी बेंगल्स 20, घड्याळात मिनिटभरही उरलेलं नाही. बेंगल्सचा चौथा डाउन, म्हणजे चेंडू पुढे न्यायचा शेवटचा प्रयत्न, हवा फक्त एक यार्ड. रॅम्सचा आरन डोनाल्ड गार्डसमोर उभा आहे. चेंडू हलतो, डोनाल्ड सुटतो, हाताने गार्डला बाजूला सारतो आणि त्याच्या खांद्याला घासून आत जातो. त्याने जो बरोला कमरेला धरून गर्रकन फिरवलं आणि बरोने पडता पडता चेंडू कसाबसा भिरकावला. पास वाया गेला, सामना संपल्यात जमा झाला. डोनाल्डच्या कारकिर्दीतला सगळ्यात मोठा डाव कोणता असं विचारलं तर मी हाच सांगेन. आणि या डावाबद्दल त्याच्या नावावर सॅक लागलेली नाही, कारण पाडण्याआधी चेंडू सुटला होता.

म्हणून सॅकच्या आकड्यावरून खेळाडू निवडणं मला धोक्याचं वाटतं. कॉलेजातली सॅक अनेक वाटांनी येते. कधी ब्लॉक करणाऱ्यांचा घोटाळा होतो आणि कुणीच अडवायला नसतं. कधी मागच्या बचावाने सगळे पास बंद केलेले असतात आणि क्वार्टरबॅक पाच सेकंद चेंडू धरून उभा राहतो. कधी दुसऱ्याने पळवून लावलेला क्वार्टरबॅक याच्या हातात येऊन पडतो. सॅक तिन्ही वेळा एकच लिहिली जाते. म्हणून आता दबाव मोजतात, म्हणजे किती डावांत त्याने क्वार्टरबॅकला जागा सोडायला किंवा घाईत पास टाकायला लावलं. अडीच सेकंदांच्या आत ब्लॉक मोडला का, याचीही वेगळी टक्केवारी काढतात. हे आकडे एका हंगामातून दुसऱ्या हंगामात जास्त टिकतात, कारण त्यात नशिबाचा वाटा कमी असतो.

दोन उलटी उदाहरणं देतो. व्हर्नन गोल्स्टनने 2007 च्या हंगामात ओहायो स्टेटसाठी 14 सॅक घेतल्या, शरीर कोरीव होतं, चाचण्यांत वेग आणि ताकद दोन्ही अव्वल. न्यूयॉर्क जेट्सने 2008 मध्ये त्याला सहाव्या क्रमांकावर उचललं. तीन हंगामांत त्याच्या नावावर एकही सॅक लागली नाही. दुसरीकडे डॅनिएल हंटर. एलएसयूमध्ये (लुइझियाना स्टेट विद्यापीठ) तीन वर्षांत मिळून साडेचार सॅक, शेवटच्या वर्षी तर दीडच. मिनेसोटा व्हायकिंग्जने 2015 मध्ये त्याला तिसऱ्या फेरीत, 88व्या क्रमांकावर घेतलं. दुसऱ्याच हंगामात साडेबारा सॅक, पुढे 2018 आणि 2019 मध्ये साडेचौदा-साडेचौदा. फरक कुठे होता? हंटर ड्राफ्टच्या वेळी अवघा वीस वर्षांचा होता, हात लांब, वेग भरपूर, आणि हातांची कला शिकायला अजून वेळ होता. वयाचा मुद्दा लोक विसरतात. चोवीस वर्षांचा खेळाडू एकोणीस वर्षांच्या मुलांना लोळवत असेल तर त्याचं कौतुक जरा हात राखून करावं. कोविडमुळे 2020 चा हंगाम खेळाडूंच्या पात्रतेत धरला गेला नाही, त्यानंतर काही वर्षं अशी मोठ्या वयाची मुलं ड्राफ्टमध्ये जास्त आली.

फेब्रुवारीच्या शेवटी सगळा गोतावळा इंडियानापोलिसला जमतो. तिथे जो कंबाइन होतो त्यात तीनशेच्या वर खेळाडू बोलावले जातात आणि त्यांची उंची, वजन, हाताची लांबी, पंजाची रुंदी यापासून सगळं मोजलं जातं. मग 40 यार्ड, म्हणजे साधारण साडेछत्तीस मीटर धावणं. जागेवरून उंच उडी, लांब उडी. तीन शंकूंभोवती वळत पळणं. आणि साधारण 102 किलोचा बार छातीवरून किती वेळा उचलता येतो ते. 2011 मध्ये स्टीफन पेआने तो 49 वेळा उचलला तेव्हा सगळीकडे त्याचीच चर्चा होती.

यातलं काय कामाचं? बार उचलणं मला फारसं पटत नाही. पाठीवर पडून वर ढकलणं वेगळं आणि पायांतून, कमरेतून जोर काढून समोरच्याला हलवणं वेगळं. शिवाय आखूड हातांच्या माणसाला बार कमी अंतर न्यावा लागतो, म्हणजे मैदानावर जी उणीव ठरते तीच इथे फायद्याची. 40 यार्डांचंही तसंच. लाइनवरचा माणूस सामन्यात सलग 40 यार्ड क्वचित पळतो. त्यातले पहिले दहा यार्ड मात्र नीट बघावेत, कारण क्वार्टरबॅक साधारण तेवढ्याच अंतरावर असतो. एज रशरसाठी शंकूंची चाचणी महत्त्वाची. टॅकलला वळसा घालताना अंग आत झुकवून, घोट्यातून वाकून, वेग न तोडता वळता येतं का ते त्यात दिसतं. सात सेकंदांच्या आत आलं तर उत्तम.

आणि कुठलाही वेळ वजनासोबतच वाचावा. जॉर्जियाचा जॉर्डन डेव्हिस 2022 मध्ये 155 किलो वजन घेऊन 40 यार्ड 4.78 सेकंदांत धावला. इतक्या वजनाच्या माणसाचा हा वेग ऐकून लोक थक्क झाले, फिलाडेल्फिया ईगल्सने त्याला 13व्या क्रमांकावर घेतलं. याच्या बरोबर उलट टेरेल सग्ज. अॅरिझोना स्टेटमध्ये 2002 च्या एका हंगामात 24 सॅक, पण धावण्याचा वेळ संथ निघाला आणि कुजबुज सुरू झाली. बाल्टिमोर रेव्हन्सने 2003 मध्ये त्याला दहाव्या क्रमांकावर घेतलं आणि त्याने कारकीर्द 139 सॅकवर संपवली. तो पहिल्या पावलात आणि हातांत जलद होता. घड्याळ सुरू होऊन थांबेपर्यंतचा वेग त्याला फारसा लागलाच नाही.

चाचण्यांच्या मोहाची सगळ्यात जुनी आणि अजूनही सांगितली जाणारी गोष्ट 1995 ची. बोस्टन कॉलेजच्या माइक ममुलाने कंबाइनमधल्या नेमक्या त्याच चाचण्यांची कसून तयारी केली. तेव्हा असं फारसं कुणी करत नसे. त्याचे आकडे बघून सगळे चाट पडले. ईगल्सने टॅम्पा बेशी अदलाबदल करून 12व्या क्रमांकावरून सातव्यावर उडी मारली आणि त्याला घेतलं. टॅम्पाने 12व्या क्रमांकावर मायामीचा वॉरन सॅप घेतला, जो ड्राफ्टच्या तोंडावर आलेल्या मैदानाबाहेरच्या बातम्यांमुळे खाली घसरला होता. सॅप पुढे 1999 चा सर्वोत्तम बचावपटू ठरला, सुपर बोल जिंकला आणि 2013 मध्ये हॉल ऑफ फेममध्ये गेला. ममुलावर मात्र ‘फसलेली निवड’ हा शिक्का कायमचा बसला, आणि तो मला अन्यायाचा वाटतो. पाच हंगामांत साडेएकतीस सॅक ही काही वाईट कामगिरी नाही. तयारी करण्यात त्याचं काही चुकलं नव्हतं. आकड्यांना चित्रफितीपेक्षा जास्त वजन दिलं ते संघाने.

आज तर प्रत्येक खेळाडू जानेवारीपासून याच चाचण्यांची तालीम करतो. त्यामुळे आकडा आला की पुन्हा चित्रफितीकडे जायचं. घड्याळात जलद निघालेला मैदानावर जलद का दिसत नाही? चेंडू उशिरा बघतो का? की प्रशिक्षकाने त्याला आधी थांब, समोरचा डाव ओळख, मग सुट असं काम दिलं होतं? शेवटचं कारण असेल तर तो खेळाडू स्वस्तात मिळून जातो.

डोनाल्डचंच बघा. पिट्सबर्ग विद्यापीठात 2013 मध्ये 11 सॅक आणि चेंडू रेषेमागेच रोखणारे साडेअठ्ठावीस टॅकल. पण उंची जेमतेम सहा फूट एक इंच आणि वजन 129 किलो, त्याच्या जागेसाठी लहान. मग अलाबामातल्या मोबाइल शहरात सीनियर बोलच्या, म्हणजे कॉलेज संपवणाऱ्या निवडक खेळाडूंच्या सामन्याच्या सरावात तो एकास एक झटापटीत एकेका गार्डला सहज पार करत गेला. इंडियानापोलिसला 40 यार्ड 4.68 सेकंदांत धावला. चित्रफीत, सराव, चाचणी, तिन्हींनी एकच गोष्ट सांगितली, तरीही 2014 च्या ड्राफ्टमध्ये त्याच्या आधी बारा जण गेले. पुढे तो तीन वेळा लीगचा सर्वोत्तम बचावपटू झाला. मोजपट्टीची भीती किती खोलवर बसलेली असते याचं यापेक्षा ठळक उदाहरण मला माहीत नाही.

सीनियर बोलचा तो सराव लहान कॉलेजच्या मुलांसाठी फार मोलाचा, कारण एरवी त्यांच्यासमोर कोण होतं हा प्रश्न राहतोच. मात्र एकास एक झटापट घुसणाऱ्याच्या बाजूने झुकलेली असते. गार्डला शेजारच्याची मदत नसते आणि मोकळी जागा भरपूर असते, तेव्हा तिथला जोश थोडा कमी करून मोजावा. मॅक्स क्रॉस्बी ईस्टर्न मिशिगनसारख्या छोट्या कॉलेज संघातून आला, अंगाने सडपातळ होता आणि 2019 मध्ये चौथ्या फेरीत 106व्या क्रमांकापर्यंत खाली गेला. शंकूंची चाचणी त्याने 6.89 सेकंदांत केली होती, आणि चित्रफितीत तो शिट्टी वाजेपर्यंत पळतच असायचा. रेडर्सकडून पहिल्याच हंगामात त्याने दहा सॅक घेतल्या.

वैद्यकीय तपासणीबद्दल थोडक्यात सांगतो, कारण बाहेरच्यांना त्यातलं फार कळत नाही. इंडियानापोलिसला संघांना सगळ्यात जास्त हवं असतं ते हेच, डॉक्टरांचा अहवाल. 2013 मध्ये स्टार लोटुलेलेईच्या हृदयाच्या तपासणीत काहीतरी वेगळं दिसलं. पुढच्या तपासण्या नीट आल्या आणि कॅरोलायना पँथर्सने त्याला 14व्या क्रमांकावर घेतलं. 2018 मध्ये मॉरिस हर्स्टच्या बाबतीतही हृदयाचाच प्रश्न आला, आणि चित्रफितीवरून बऱ्यापैकी वर जाण्यासारखा हा खेळाडू पाचव्या फेरीपर्यंत घसरला. अशा वेळी ‘याला अजून कुणी का घेत नाही’ याचं उत्तर मैदानावर शोधून सापडत नाही.

शेवटी प्रश्न उरतो तो पणाला काय लावायचं याचा. 2022 मध्ये जॅक्सनव्हिल जॅग्वार्सपुढे पहिली निवड होती आणि समोर दोन एज रशर. मिशिगनचा एडन हचिन्सन, आदल्या हंगामात 14 सॅक, हातांचे डाव तयार, फक्त हात आखूड, साधारण 32 इंच. आणि जॉर्जियाचा ट्रॅव्हॉन वॉकर, अख्ख्या कॉलेज कारकिर्दीत साडेनऊ सॅक, पण 123 किलोचा माणूस 40 यार्ड 4.51 सेकंदांत धावलेला, हात साडेपस्तीस इंच. जॉर्जियात त्याला आतल्या जागांवरही खेळवलं जायचं आणि वाट धरून ठेवायचं काम दिलेलं असायचं, म्हणून सॅक कमी. जॅग्वार्सने वॉकर घेतला, हचिन्सन दुसऱ्या क्रमांकावर डेट्रॉइट लायन्सकडे गेला. पहिल्या हंगामात हचिन्सनच्या साडेनऊ, वॉकरच्या साडेतीन. पण वॉकरने पुढच्या दोन हंगामांत दहा आणि साडेदहा सॅक घेतल्या, त्यामुळे त्याला फसलेली निवड म्हणणं चूक. तरी मला विचाराल तर मी हचिन्सनच घेतला असता. त्याची शंकूंची वेळ 6.73 सेकंद होती, आणि मिशिगनच्या चित्रफितीत पहिला डाव अडला की त्याचा दुसरा हात आधीच टॅकलच्या मनगटावर पोचलेला असायचा.